एकच कोड मिश्रणस्तरात जुळतो, पण वाहिनीत भिंतीपाशी का चुकतो?

जाळीकाम (प्रश्न)

नमस्कार. मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. प्रबंधासाठी मी असंपीड्य प्रवाहाचा एक एलईएस कोड (मोठे भोवरे थेट सोडवून लहानांसाठी प्रतिमान वापरणारा) स्वतः लिहिला आहे. त्यात फायनाइट व्हॉल्यूम पद्धत, दुसऱ्या क्रमाची मध्यवर्ती योजना आणि काळासाठी तिसऱ्या क्रमाची रंगे-कुट्टा पद्धत वापरली आहे. उपजाळी ताणांसाठी, म्हणजे पेशीहून लहान भोवऱ्यांच्या परिणामासाठी, स्मॅगोरिन्स्कीचे प्रतिमान घेतले असून त्याचा स्थिरांक सगळीकडे ०.१२ ठेवला आहे.

तपासणीसाठी मी दोन प्रवाह निवडले, आणि तुलना न्याय्य व्हावी म्हणून दोन्हींत पेशींची संख्या मुद्दाम एकसारखी, म्हणजे ५,२४,२८८ ठेवली. पहिला प्रवाह म्हणजे काळाबरोबर वाढणारा मिश्रणस्तर, म्हणजे वेगवेगळ्या वेगाच्या दोन प्रवाहांमधला थर. सुरुवातीला वेग टॅन-हायपरबोलिक वळणाचा आहे. पेटीची लांबी व उंची प्रत्येकी आरंभीच्या भोवरेपणाच्या जाडीच्या (वेग बदलतो त्या थराच्या जाडीच्या) २८ पट आणि रुंदी ७ पट आहे. जाळी १२८ × १२८ × ३२. सर्वांत अस्थिर तरंगाला मी छोटा धक्का दिला आणि वर थोडा यादृच्छिक गोंगाट मिसळला. संवेग-जाडी (स्तराच्या जाडीचे दुसरे माप) वाढण्याचा दर, दोन बाजूंच्या वेगांतील फरकाने भागल्यावर, ०.०१४ च्या जवळ आला. रॉजर्स आणि मोझर यांनी १९९४ मध्ये डीएनएसमधून (सगळे भोवरे प्रतिमानाविना थेट सोडवणाऱ्या सिम्युलेशनमधून) दिलेला दरही हाच असल्याने मला समाधान वाटले.

दुसरा प्रवाह दोन समांतर भिंतींमधल्या वाहिनीचा. अर्धी उंची १ धरली तर लांबी २π, रुंदी π, जाळी १२८ × ६४ × ६४ आणि तिन्ही दिशांना पेशी समान अंतरावर. वस्तुमान-प्रवाह स्थिर ठेवला असून सरासरी वेग व अर्ध्या उंचीवर आधारलेला रेनॉल्ड्स अंक सुमारे ११,००० आहे. या अंकाला घर्षणवेगावर (भिंतीवरच्या ताणावरून काढलेल्या वेगावर) आधारलेला रेनॉल्ड्स अंक ५९० च्या आसपास यायला हवा, पण माझा ५२० वर स्थिरावतो. लघुगणकी नियमाच्या (भिंतीपासून थोड्या अंतरावर वेग अंतराच्या लघुगणकाप्रमाणे वाढतो या नियमाच्या) आलेखावर माझी रेषा उताराने बरी दिसते, परंतु ती सगळीच्या सगळी वर उचलली गेली आहे.

कोड तोच, प्रतिमान तेच आणि पेशीही तितक्याच असताना भिंत आली की उत्तर का बिघडते? दोष स्थिरांकाचा की जाळीचा? आणि प्रबंधात मी असे लिहू शकतो का, की मुक्त कर्तन प्रवाहांसाठी (मिश्रणस्तरासारख्या भिंतीविना प्रवाहांसाठी) कोड प्रमाणित झाला आहे आणि भिंतीच्या प्रवाहांसाठी केवळ जाळी बारीक करणे बाकी आहे?

सीमास्तर (उत्तर)

तुम्ही सगळे आकडे दिले आहेत, त्यामुळे अंदाज न बांधता हिशेबच करता येतो. भिंतीजवळ मोजण्याचे माप अर्धी उंची नव्हे. ते श्यानता (द्रवाचा चिकटपणा) भागिले घर्षणवेग हे आहे, आणि त्याला आपण भिंत-एकक म्हणू. तुमच्या प्रवाहात अर्ध्या उंचीत अशी ५९० एकके मावतात. म्हणजे रुंदी सुमारे १,८५४ एकके झाली. तिला ६४ ने भागले की आडव्या दिशेचे अंतर २९ येते, आणि प्रवाहाच्या दिशेनेही तेवढेच. उभ्या दिशेची १,१८० एकके ६४ पेशींत वाटली तर प्रत्येक पेशीची उंची १८ एककांहून थोडी अधिक होते आणि पहिल्या पेशीचे केंद्र भिंतीपासून ९.२ एककांवर पडते.

आता या ९.२ चा अर्थ पाहू. वेग भिंतीपासूनच्या अंतराच्या थेट प्रमाणात वाढतो तो श्यान उपस्तर साधारण ५ एककांत संपतो. लघुगणकी नियम ३० एककांच्या पुढे लागू होतो. मधला जो संक्रमणपट्टा आहे, त्यातच १२ एककांच्या आसपास टर्ब्युलन्सच्या ऊर्जेची निर्मिती सर्वाधिक असते. ज्या पट्ट्यात प्रवाहाचे इंजिन आहे, तो तुमच्या जाळीत जेमतेम दीड पेशीत बसला आहे. शिवाय भिंतीवरचा ताण तुम्ही पहिल्या पेशीचा वेग भागिले अंतर असा काढत असाल, तर ९.२ वर वेगही घर्षणवेगाच्या ९.२ पट आहे असे तुम्ही गृहीत धरता; प्रत्यक्षात तिथे तो ८ च्या जवळपास असतो. म्हणजे पहिल्या पेशीचा वेग अगदी अचूक आला तरीही ताण बारा-तेरा टक्क्यांनी कमीच निघणार.

आडव्या दिशेकडे पाहिले तर गोष्ट आणखी गंभीर आहे. भिंतीलगत मंद आणि जलद वेगाचे लांबट पट्टे असतात, आणि ते एकमेकांपासून सरासरी १०० भिंत-एककांवर असतात, हे स्टॅनफर्डच्या क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये पाण्यातल्या हायड्रोजनच्या बुडबुड्यांच्या साहाय्याने दाखवले. २९ च्या अंतराने अशा एका जोडीच्या वाट्याला साडेतीन पेशी येतात, आणि दुसऱ्या क्रमाच्या योजनेला साडेतीन पेशींत तरंग धरता येत नाही. परिणामी पट्टे वाजवीपेक्षा रुंद होतात, प्रवाहाच्या दिशेचे चढउतार फुगतात आणि भिंतीला लंब असलेले चढउतार दबतात. संवेग भिंतीपर्यंत नेण्याचे काम या लंब चढउतारांचे असल्यामुळे घर्षण घटते. तुम्ही वस्तुमान-प्रवाह स्थिर ठेवला म्हणून ही चूक घर्षणवेगात उमटली. दाब-उतार स्थिर ठेवला असता तर घर्षणवेग ठरलेला राहिला असता आणि सरासरी वेग फुगला असता. तुमची रेषा वर उचलली गेली तेही याचमुळे, कारण सरासरी वेग भागिले घर्षणवेग हे गुणोत्तर १८.६ च्या जागी २१ च्या पुढे गेले आहे.

स्थिरांकाविषयी विचारलेत, तर तोही निर्दोष नाही. तुमच्या पेशीच्या तिन्ही बाजूंचा भौमितिक मध्य सुमारे २५ एकके येतो. त्याला ०.१२ ने गुणून वर्ग केला की ९ मिळतात. पहिल्या पेशीतला विकृतिदर भिंतीवरच्या मूल्याच्या निम्मा धरला तरी उपजाळी श्यानता द्रवाच्या मूळ श्यानतेच्या साडेचार पट होते. खरे पाहता इतक्या जवळ सगळ्या टर्ब्युलन्सची मिळून परिणामी श्यानता मूळ श्यानतेइतकीही नसते. ती बरोबरी साधारण ११-१२ एककांवर होते. याचा अर्थ, एकट्या प्रतिमानाने तिथे संपूर्ण टर्ब्युलन्सच्या कितीतरी पट काम हाती घेतले आहे. व्हॅन ड्रिस्टचा, भिंतीजवळ ही श्यानता घटवणारा क्षयगुणक लावला तर ही श्यानता याच ठिकाणी सुमारे दहाव्या भागावर येईल. त्याहून चांगला मार्ग म्हणजे जर्मानो, पिओमेली, मोइन आणि कॅबट यांची १९९१ ची गतिमान पद्धत, कारण तीत स्थिरांक प्रवाहच ठरवतो आणि भिंतीपाशी तो आपोआप शून्याकडे जातो.

तुलनेसाठी, मोझर, किम आणि मन्सूर यांनी १९९९ मध्ये ५९० या अंकासाठी, नेमक्या तुमच्याच लांबी-रुंदीच्या पेटीत केलेल्या डीएनएसची जाळी ३८४ × २५७ × ३८४ होती. तेवढी तुम्हाला नको. उभ्या दिशेला ९६ पेशी भिंतीकडे दाट होत जाणाऱ्या ठेवा आणि पहिले केंद्र १ एककाच्या आत आणा. आडव्या दिशेला ९६ पेशी घेतल्या की अंतर १९ होईल, आणि प्रवाहाच्या दिशेचे १२८ तसेच राहू द्या. भिंतीजवळच्या पातळ पेशींमुळे कालपायरी आखडते, म्हणून उभ्या दिशेची श्यान पदे क्रॅंक-निकोल्सनने अप्रकट रीतीने सोडवा.

एक सावधगिरी मुद्दाम सांगतो, कारण अनेक प्रबंधांत ती सुटलेली दिसते. श्यान, रेनॉल्ड्स आणि उपजाळी ताणांची बेरीज भिंतीपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत उतरली की विद्यार्थी उत्तर बरोबर आले असे मानतात. ती रेषा केवळ संवेगाच्या समतोलातून येते. तुमच्या आजच्या चुकीच्या निकालातही, पुरेसा काळ सरासरी घेतली तर ती सरळच येईल. सरासरी पुरेशी झाली की नाही हे तिच्यावरून कळते. जाळी पुरेशी आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

जाळीकाम

फार आभारी आहे. पहिल्या पेशीचे केंद्र ९ वर आहे हे मी कधी मोजलेच नव्हते, कारण मिश्रणस्तरात भिंत-एकक नावाचे मापच नसते. एक शंका उरते. जाळी आहे तशीच ठेवून भिंतीवर लघुगणकी नियमाचे प्रतिमान लावले तर चालेल का? आणि मिश्रणस्तराचा भाग आता निश्चित धरू ना?

सीमास्तर

५९० या अंकाला भिंत-प्रतिमानाचा उपयोग करू नका. लघुगणकी पट्टा ३० एककांवर सुरू होतो आणि अर्ध्या उंचीच्या साधारण १५ टक्क्यांवर, म्हणजे तुमच्या बाबतीत ९० एककांच्या आत संपतो. प्रतिमानाला वेग पुरवणारा बिंदू या पट्ट्यात असायला हवा आणि त्याच्याखाली काही पेशीही हव्यात. इतक्या अरुंद जागेत ते जमत नाही. भिंत-प्रतिमानाचे खरे मोल फार मोठ्या रेनॉल्ड्स अंकांना कळते. चॅपमन यांनी १९७९ मध्येच अंदाज मांडला होता की सीमास्तराचा आतला भाग जाळीने सोडवायचा तर पेशींची संख्या रेनॉल्ड्स अंकाच्या १.८ व्या घाताने वाढते, तर बाहेरच्या भागासाठी ०.४ हा घात पुरतो. पुढे २०१२ मध्ये चॉय आणि मोइन यांनी हे घात सुधारून भिंतीपर्यंत सोडवणाऱ्या एलईएससाठी १३/७ आणि भिंत-प्रतिमानासाठी १ असे दिले. विमानाच्या पंखावर एलईएस आजही महाग पडते ते यामुळे. मिश्रणस्तराबद्दल माझ्यापेक्षा जाणकार मंडळी येथे आहेत, त्यांनी लिहावे.

भोवरा (उत्तर)

मिश्रणस्तराचा निकाल आपण निश्चित धरू नये असे मला वाटते, आणि कारणे थोडी सविस्तर लिहितो.

भिंतीच्या प्रवाहात अडचण कुठे आहे ते माहीत असते. ती भिंतीपाशी असते, तिला माप असते आणि जाळी त्या मापाला पुरली नाही तर घर्षणवेग लगेच चुकून तुम्हाला ते कळवतो. मुक्त कर्तन प्रवाहात अशी खूण नसते. तिथली वाढ मध्यातल्या वळणबिंदूच्या अस्थिरतेतून होते आणि ती मुळात श्यानतेवर अवलंबून नाही. मोठे भोवरे बरोबर आले की जाडीचा दरही बरा येतो. ब्राउन आणि रोश्को यांनी १९७४ मध्ये हेलियम व नायट्रोजनच्या मिश्रणस्तराची जी छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत पूर्ण संक्षुब्ध (टर्ब्युलंट) प्रवाहातही हे मोठे गुंडाळलेले भोवरे ठसठशीत दिसतात. शिवाय स्तर जाड होत जातो आणि पेशी तेवढीच राहते, म्हणून काळ जाईल तशी तुमची जाळी प्रवाहाच्या तुलनेत बारीक होते. एलईएसच्या पेशींची गरजही इथे रेनॉल्ड्स अंकावर जवळजवळ अवलंबून नसते. तुमचा कोड इथे जुळला तो या सोयींमुळे. परंतु या प्रवाहाचा कठीण भाग जाळीत नसतो. तो आरंभस्थितीत आणि पेटीच्या कडांवर असतो, आणि तुमची तपासणी तिथपर्यंत पोहोचलेली नाही.

पेटीपासून सुरुवात करू. टॅन-हायपरबोलिक वेगासाठी सर्वांत वेगाने वाढणारा तरंग भोवरेपणाच्या जाडीच्या सुमारे ७ पट लांब असतो. तुमच्या २८ लांबीत असे चारच भोवरे मावतात. त्यांच्या जोड्या जुळून दोन होतात, मग एक होतो, आणि त्यापुढे जुळायला कोणी उरत नाही. म्हणजे तुमच्याकडे वाढीच्या केवळ दोन पायऱ्या आहेत, आणि तुम्ही एका ठरावीक तरंगाला धक्का दिल्यामुळे त्या पायऱ्या आणखी ठळक झाल्या असणार. पायऱ्यांच्या आलेखावर सरळ रेषा कुठून कुठपर्यंत ओढायची हे तुम्ही ठरवता, आणि ०.०१४ हा आकडा त्या निवडीवर अवलंबून राहतो. कृपया रेषा ओढलेला काळखंड थोडा मागेपुढे सरकवून पाहा.

उंचीचेही तसेच. तरंगाचा प्रभाव मध्यापासून दूर घातांकी वेगाने कमी होतो, आणि तो किती वेगाने हे तरंगलांबीवर ठरते. सुरुवातीच्या ७ लांबीच्या तरंगाला १४ अंतरावरची वरची कड जाणवतही नाही. पण शेवटच्या २८ लांबीच्या तरंगासाठी तोच प्रभाव उणे π या घातांकाने कमी होतो, म्हणजे कडेवर चार टक्क्यांहून अधिक उरतो. तिथे तुम्ही लंब वेग शून्य ठेवला असेल, तर तुमच्या मुक्त प्रवाहाला शेवटी छत लागते. रुंदीची अडचण याहून मोठी आहे. मोठ्या भोवऱ्यांवर उगवणाऱ्या त्रिमितीय अस्थिरतेची आडवी लांबी भोवऱ्यांमधल्या अंतराच्या दोन-तृतीयांशांच्या आसपास असते. सुरुवातीला ती ५ पेक्षा थोडी कमी असते आणि तुमच्या ७ रुंदीत मावते. शेवटी ती १८-१९ होते आणि मावत नाही, त्यामुळे प्रवाह हळूहळू द्विमितीयासारखा वागू लागतो. द्विमितीय मिश्रणस्तरही वाढतोच. म्हणून केवळ जाडीच्या दरावरून काही सिद्ध होत नाही. तिन्ही वेगघटकांचे चढउतार आणि त्यांचा ताण, स्तराच्या जाडीने मोजून, वेगवेगळ्या क्षणी एकमेकांवर बसतात का ते पाहावे लागेल.

आता आरंभस्थिती. वाहिनीत तुम्ही कोणताही गोंगाट घालून सुरुवात केली तरी, तो पुरेसा असल्यास आणि पुरेसा वेळ दिल्यास, प्रवाह त्याच सांख्यिकीवर येतो. भिंत सतत नवा भोवरेपणा निर्माण करते आणि जुने पुसून टाकते. मिश्रणस्तर आपला जन्म फार उशिरा विसरतो. या विषयावरचे एक काम आपल्याकडचे आहे आणि ते तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते, म्हणून ते मला विशेष मोलाचे वाटते. रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूमध्ये, हजारो बिंदुभोवऱ्यांच्या द्विमितीय प्रतिमानातून काळाबरोबर वाढणारा मिश्रणस्तर अभ्यासला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना तीन अवस्था आढळल्या: पहिलीत आरंभस्थितीचा ठसा असतो, दुसरीत वाढीचा दर आरंभस्थितीवर अवलंबून राहत नाही, आणि तिसरीत पेटीच्या आकाराचे बंधन जाणवू लागते. चार भोवऱ्यांच्या पेटीत पहिली अवस्था संपता संपताच तिसरी सुरू होते, मधलीला जागाच राहत नाही.

तुम्ही ज्या ०.०१४ शी तुलना केली, त्या सिम्युलेशनची सुरुवात टॅन-हायपरबोलिक वेगाने झालेली नव्हती. रॉजर्स आणि मोझर यांनी स्पॅलार्ट यांच्या संक्षुब्ध सीमास्तराच्या डीएनएसमधले दोन नमुने पाठीला पाठ लावून आरंभ केला होता, म्हणजे दुभाजक पट्टीच्या दोन्ही बाजूंचे सीमास्तर पट्टी संपताच एकत्र यावेत तसे. प्रयोगांमधले दरही एकमेकांपासून बरेच विखुरलेले आहेत. त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्याशी जुळणे हा योगायोगही असू शकतो.

झोताकडे पुढे वळणार असाल तर एक गोष्ट आताच लक्षात घ्या. झोत बाजूचा द्रव आत ओढतो. बाजूच्या कडा तुम्ही बंद ठेवल्या तर तो द्रव येणार कुठून? मग पेटीतच उलटा प्रवाह तयार होतो आणि झोताचा पसरण्याचा दर चुकतो. बूर्स्मा, ब्रेथाउवर आणि न्यूस्टाट यांनी १९९८ च्या गोल झोताच्या डीएनएसमध्ये गोलीय निर्देशांक घेऊन जाळी झोताबरोबर रुंदावत नेली, आणि तोंडाशी दिलेल्या वेगाच्या आकाराचा परिणाम दूरवर उरतो हेही तपासले.

पायरी (उत्तर)

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. रॅन्सच्या (केवळ सरासरी प्रवाह सोडवणाऱ्या पद्धतीच्या) बाजूने थोडे जोडतो, कारण एकच स्थिरांक दोन्हीकडे चालवण्याचा मोह तिथेही जुना आहे. प्रमाणित के-एप्सिलॉन प्रतिमानाच्या स्थिरांकांत १.४४ आणि १.९२ यांतील फरक, १.३ आणि ०.०९ चे वर्गमूळ यांचा गुणाकार ०.१८७ येतो, आणि त्याचे वर्गमूळ ०.४३ हाच त्या प्रतिमानाचा कार्मन स्थिरांक, म्हणजे लघुगणकी नियमाचा उतार ठरवणारा आकडा, ठरतो. म्हणजे हे स्थिरांक निवडताना भिंत विचारात घेतलेली आहे. तेच प्रतिमान सपाट झोताचा प्रसार ठीक देते आणि गोल झोताचा वाजवीपेक्षा जास्त देते. प्रयोगात गोल झोताची अर्ध-रुंदी अंतराच्या सुमारे ०.०९५ ने वाढते, तर प्रतिमान ०.१२ च्या आसपास सांगते. के-ओमेगा प्रतिमान भिंतीपाशी चांगले, पण मुक्त प्रवाहाच्या कडेला बाहेर कोणता ओमेगा दिला यावर त्याचे उत्तर हलते. मेंटर यांनी १९९४ मध्ये एसएसटी प्रतिमानात भिंतीजवळ एक आणि दूर दुसरे अशी सांधणी केली ती याच अडचणीतून.

तुमच्या प्रबंधातले ते वाक्य मी आज लिहिणार नाही. त्याऐवजी दोन्ही प्रवाह दुरुस्त झाल्यावर तिसरी तपासणी म्हणून मागे उतरणारी पायरी घ्या. तिथे पायरीच्या माथ्यावरचा सीमास्तर पायरीच्या कडेवर सुटतो, मुक्त कर्तन स्तर बनतो आणि पुढे खालच्या भिंतीला पुन्हा चिकटतो. एकाच पेटीत दोन्ही परीक्षा होतात. ले, मोइन आणि किम यांनी १९९७ मध्ये पायरीच्या उंचीवर आधारलेल्या ५,१०० या रेनॉल्ड्स अंकासाठी डीएनएस प्रसिद्ध केले. त्यात चिकटण्याचे अंतर पायरीच्या ६.२८ पट आले, आणि जोविच व ड्रायव्हर यांचे जवळजवळ त्याच अंकाचे मोजमापही उपलब्ध आहे. येणाऱ्या सीमास्तरात खरे चढउतार द्यायला मात्र विसरू नका. सरासरी वेगावर नुसता यादृच्छिक गोंगाट टाकला तर तो काही पेशींत विरतो, कर्तन स्तर जवळजवळ शांतच सुटतो आणि चिकटण्याचे अंतर चुकते.

जाळीकाम

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री मी रेषेचा काळखंड सरकवून पाहिला, आणि मिश्रणस्तराचा दर ०.०११ पासून ०.०१९ पर्यंत कोणताही मिळतो. ते वाक्य प्रबंधातून काढले आहे. वाहिनीसाठी दाट होत जाणारी ९६ पेशींची जाळी आणि क्षयगुणक असे दोन्ही बदल एकदम न करता आधी फक्त जाळी बदलून चालवतो आहे, म्हणजे कोणत्या बदलाने किती फरक पडला ते वेगळे कळेल. मिश्रणस्तराची पेटी लांबीला चौपट आणि रुंदीला तिप्पट करायची तर पेशी बारा पट होतात, आणि आमच्या विभागाच्या संगणकावर त्या मावणार नाहीत. आरंभीच्या जाडीत सध्या साडेचार पेशी येतात. त्या तीनवर आणल्या तर चालेल का?

भोवरा

चालेल, पण पहिल्या जोड्या जुळेपर्यंतचा काळ निकालात धरू नका. पेटी मोठी ठेवण्यासाठी सुरुवात भरड करणे मी नेहमीच पसंत करीन. एकाच तरंगाला दिलेला धक्का काढून टाका आणि रुंद पट्ट्याचा गोंगाट द्या. शक्य झाल्यास गोंगाटाचे बीज बदलून तीच पेटी तीन वेळा चालवा. तिन्हींचे दर ज्या काळात एकमेकांशी जुळतील, तेवढाच काळ वापरा.